शटर किती वाजता ओढायचं?

पत्र (थोडं आटोपतं घेऊन):

"माझं माहेर वेंगुर्ल्याचं, सासर कोल्हापूरचं. मिस्टरांचं लेथवरचं काम सुटलं तेव्हा घराच्या खालच्या खोलीत मासळीची खानावळ काढली. त्याला आता पाच वर्षं झाली. चार टेबलं, सोळा माणसं. संध्याकाळी सातला चालू, बंद व्हायला रात्रीचा एक-दीड होतो. एमआयडीसीतली दुसऱ्या पाळीची पोरं, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, सीपीआरला (सरकारी दवाखान्यात) पेशंट असलेले नातेवाईक, ऊस चालू असला की ट्रॅक्टरवाले, अशी गिऱ्हाइकं. सगळे वहिनी म्हणतात. भिंतीला भिंत लागून एक निवृत्त सर राहतात. त्यांच्या मंडळींचं मार्चमध्ये हृदयाचं ऑपरेशन झालं. गेल्या आठवड्यात सर दारात येऊन म्हणाले, 'रात्री तुमचं शटर वाजलं की ती दचकून उठते. वासाचं तर मी बोलतच नाही.' एवढंच बोलून गेले. भांडले असते तर बरं वाटलं असतं. इकडे दीर म्हणतात, गिऱ्हाइकांना बाटली आणू दे, धंदा दुप्पट होईल. दोन-चार जण पाण्याच्या बाटलीतून आणतातच, मी न बघितल्यासारखं करते. मुलगा आता दहावीत जाईल, आतल्या खोलीत अभ्यास करतो. मिस्टर म्हणतात, तू ठरवशील ते. सरांसाठी दहालाच शटर ओढू का? की दिरांचं ऐकू?
– वहिनी, कोल्हापूर"

ताई,

दहाला शटर ओढू नका. बाटली आत येऊ देऊ नका. आणि हे वाचून झालं की सरांच्या घरी जाऊन या. उत्तर एवढंच आहे. पण ते निभावायचं कसं, यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण खरी अडचण तिथेच आहे.

माझे वडील शिरोलीच्या एका फाउंड्रीत होते. दुसरी पाळी अकराला सुटायची आणि ते घरी येईपर्यंत बारा वाजायचे. आई ताट झाकून ठेवायची. त्यांच्याबरोबरची जी पोरं गावाकडून येऊन खोली करून राहायची, त्यांच्यासाठी ताट झाकून ठेवणारं कुणी नव्हतं. भट्टीसमोर आठ तास उभं राहून ती चहा-बिस्किटावर झोपायची, हे वडिलांच्या तोंडून मी कितीदा ऐकलं आहे. कोल्हापुरात जेवणाला तोटा नाही, पण साडेअकरानंतर बसून, गरम भाकरी मोडून खायची जागा शोधायला लागलं की शहर एकदम लहान होतं. सीपीआरच्या आवारात दिवसभर उभा असलेला माणूस रात्री बाराला बाहेर पडतो, तेव्हा त्याला काय हवं असतं ते तुम्ही पाच वर्षं बघत आला आहात. दहाला बंद केलंत तर शहरात आहेत तशी आणखी एक खानावळ होईल. आज ज्यांच्यासाठी ती चालते, त्यांना ती बंदच झाल्यासारखी.

पण सरांचं म्हणणंही खरं आहे. ते तुमच्याकडे बंद करा म्हणून आले नव्हते, हे तुमच्याच पत्रात आहे. त्यांनी शटरचा आवाज सांगितला आणि वास सांगितला. या दोन्ही गोष्टींना इलाज आहे आणि तो फार महागडा नाही.

शटरपासून सुरू करा. रोलिंग शटरच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या घासून स्वच्छ करून ग्रीस लावा, खाली जिथे शटर आपटतं तिथे रबराची पट्टी बसवून घ्या. शटरवाला अर्ध्या दिवसात करून देतो. बारा वाजले की शटर अर्ध्यावर आणून ठेवा, म्हणजे शेवटी फक्त कमरेएवढं ओढायचं राहतं. तेही धाडकन सोडायचं नाही, दोघांनी धरून खाली टेकवायचं. त्यानंतर भांडी. रात्री एकला मोरीत स्टीलची ताटं एकावर एक पडतात तेव्हा जो आवाज होतो, तो भिंतीपलीकडे झोपलेल्या माणसाला उशाशी ऐकू येतो. ताटं प्लॅस्टिकच्या टबात भिजत टाका, घासणं सकाळी. खुर्च्यांच्या पायांना रबरी बूट घाला.

गाड्यांचं जरा अवघड आहे. जेवून झालेली माणसं लगेच निघत नाहीत, दारात उभी राहून तंबाखू मळतात, बोलत बसतात, कुणीतरी बुलेटला किक मारतो. यावर पाटी लावून उपयोग होत नाही. तुम्ही स्वतः सांगा. 'सरांच्या घरात पेशंट आहे, गाडी चौकापर्यंत ढकलत न्या' असं वहिनीनं म्हटलं तर ऐकणारी पोरं आहेत ती. एक-दोन जुन्या गिऱ्हाइकांना हे काम सोपवा, ते तुमच्यापेक्षा जास्त कडक राहतील. हात धुवायचं बेसिन आणि पैसे घ्यायचा गल्ला दोन्ही आत असू द्या. बाहेर उभं राहायला कारणच उरत नाही. गाणी वगैरे लावत असाल तर रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर लावायला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीच बंदी आहे, आणि राहत्या वस्तीत रात्री आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल धरली आहे. जवळून ऐकलेलं साधं बोलणंसुद्धा याच्या वर जातं.

वासाचे दोन प्रकार असतात, ते वेगळे करून बघा. एक तळणीचा, एक सडक्याचा. तळणीच्या वासाला मुख्यतः जुनं तेल जबाबदार असतं. तेल काळपट झालं, फेसाळायला लागलं, कढई नीट तापायच्या आत धूर येऊ लागला की ते गेलं. रवा लावून मासा तळला की रवा तळाशी जळून तेल लवकर खराब होतं, म्हणून दर घाण्यानंतर तेल गाळून घ्या. तळणीच्या तेलातले पोलर घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवलं की वाढणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत, असा अन्नसुरक्षेचा नियम २०१८ पासून आहे. एक्झॉस्ट पंखा मागच्या भिंतीत सरांच्या खिडकीकडे तोंड करून असेल, असा माझा अंदाज आहे. त्याला पत्र्याचा पाइप जोडून तोंड छपराच्या वर न्या आणि जाळी दर आठवड्याला सोड्याच्या गरम पाण्यात धुवा. हा एक खर्च आहे, पण तो सगळ्यात आधी करा.

सडक्याचा वास डोकी, कल्ले, खवले आणि धुण्याच्या पाण्याचा. मासे साफ केल्यावर हे सगळं पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात झाकणाच्या डब्यात ठेवा आणि सकाळी घंटागाडी दारात आली की तसंच गोठलेलं द्या. रात्रभर बाहेर बादलीत ठेवलं की मांजरं, कुत्री आणि सकाळपर्यंत सगळ्या बोळाला वास. धुण्याचं पाणी गटारीत सोडण्याआधी जाळीतून जाऊ द्या. आणखी एक, वासाचं नसलं तरी शेजाऱ्यांच्या जिवाशी बांधलेलं. स्वयंपाक १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरवरच करा. घरगुती सिलिंडर खानावळीत वापरणं बेकायदा आहे, आणि तुमच्या भिंतीला लागून माणसं झोपलेली असतात.

वेळेचं मी असं सुचवेन. शेवटची ऑर्डर बाराला, शटर साडेबाराला. एक-दीड नको. अकराला सुटलेला शिरोलीचा किंवा गोकुळ शिरगावचा माणूस बाराच्या आत तुमच्याकडे पोचतो. एकनंतर येतात ते बहुतेक भुकेपोटी येत नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे. कायद्यानं पाहिलं तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं रात्रभर उघडं ठेवायलाही मुभा दिली आहे. पण ती मुभा सरांना दाखवायची नाही. त्याच कायद्यात, जास्त कामगार असलेल्या ठिकाणी, बाई कामगाराला रात्री साडेनऊनंतर थांबवायचं तर तिची संमती आणि सुरक्षितपणे घरी पोचवायची सोय लागते. तुमच्याकडे भाकऱ्यांना कुणी मावशी असतील तर, सक्ती नसली तरी, त्यांना दहाला घरी पोचवा आणि पुढच्या भाकऱ्या मिस्टरांना शिकवा. लेथवर हात बसलेल्या माणसाला भाकरी थापणं जड जाणार नाही.

सोमवारी आणि गुरुवारी पूर्ण बंद ठेवा. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, आपल्याकडे निम्मी गिऱ्हाइकं या दिवशी खात नाहीत, आणि आणून ठेवलेला मासा तसाच राहतो. तुमचं नुकसान थोडं होईल, पण सरांच्या पत्नीला आठवड्यातल्या दोन रात्री अखंड झोप मिळेल. जाऊन सांगाल तेव्हा हेच आधी सांगा.

आता बाटली.

तुमच्या दिरांचा हिशोब मी मांडून पाहिला. सोळा जागा आहेत. जेवायला आलेला माणूस अर्ध्या तासात उठतो. अकरा ते साडेबारा या दीड तासात तीन पंगती, म्हणजे अठ्ठेचाळीस ताटं. बाटली घेऊन बसलेले चौघे तो दीड तास उठत नाहीत. ते एक बांगडा फ्राय, एक कोळंबी सुकं आणि चार वेळा कांदा-लिंबू मागवतात. सोळा माणसं, आणि त्यातलीही सगळी ताट घेत नाहीत. दारूचा पैसा तर बाहेरच्या दुकानदाराला गेलेला असतो. दुप्पट होतं म्हणतात ते कशाच्या दुप्पट, हे त्यांना कागदावर मांडायला सांगा.

आणि हिशोब उलटा निघाला असता तरी मी नकोच म्हटलं असतं. परवाना नसलेल्या जागेत लोकांना प्यायला बसू देणं हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या कलम ६८ खाली गुन्हा आहे. बाटली कुणी आणली हे तिथे बघत नाहीत, जागा कुणाची ते बघतात. धाड पडली तर तुमचं नाव, आणि आत दहावीचा मुलगा. परमिट रूमचा रीतसर परवाना काढणं ही वेगळी गोष्ट आहे. त्याला वेगळी जागा, वेगळ्या वेळा आणि मोठं भांडवल लागतं, आणि राहत्या घराच्या खालच्या खोलीत, आत मुलगा अभ्यास करत असताना, तो विचारसुद्धा करू नका.

'न बघितल्यासारखं करते' असं तुम्ही लिहिलंत, तिथे मी थांबलो. पत्रातलं सगळ्यात जड वाक्य ते आहे. आज दोन-चार जण आहेत तोवर हे सोपं आहे. पुढच्या वेळी तो पाण्याची बाटली टेबलावर ठेवेल, तेव्हा ताट वाढायच्या आधी जवळ जाऊन हळू आवाजात म्हणा, 'दादा, ही गाडीत ठेवून या, तोवर मी मासा तव्यावर टाकते.' चारचौघांत नको, पण पहिल्याच दिवशी. 'वहिनी, जरा चालवून घ्या की' असं म्हणेल. हसून तेच वाक्य परत म्हणा. एक-दोन माणसं तुटतील. ड्युटी संपवून येणाऱ्या सिस्टर, पेशंटजवळून उठून आलेली एखादी आई, या बायका रात्री बाराला तुमच्याकडे एकट्या बसून जेवू शकतात, ते तिथे कुणी पीत नाही म्हणूनच. कोल्हापुरात अशा जागा किती आहेत ते त्यांनाच विचारा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मासळी आणि रात्र या दोन गोष्टी एकत्र आल्या की एक जबाबदारी येते आणि ती मला स्वतःच्या अनुभवानं कळली आहे. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी रात्री उशिरा बांगडा खाल्ला. चव चांगली होती, मसाला झणझणीत. अर्ध्या तासात तोंड लाल झालं, अंगावर गांध्या उठल्या, छाती धडधडायला लागली. मला वाटलं मासा बाधला, आता आयुष्यभर बंद. डॉक्टरांनी सांगितलं, तुम्हाला माशाची ॲलर्जी नाही, तो बांगडा उन्हात राहिलेला होता.

बांगडा, कुपा (ट्यूना) या जातीच्या माशांत गारवा सुटला की हिस्टामीन तयार होतं. ते वासाला कळेलच असं नाही, चवीला मसाल्याखाली दबतं, आणि मुख्य म्हणजे तळून, उकळून किंवा नंतर बर्फात ठेवून जात नाही. एकदा झालं की झालं. वेंगुर्ल्याला मासा होडीतून घरात येतो, तिथे या गोष्टीचा विचार फारसा करावा लागत नाही. कोल्हापूरला तो घाट चढून येतो, सकाळी तुमच्या हातात पडतो आणि शेवटचं ताट रात्री बाराला जातं. म्हणजे किनारा सोडल्यावर किती तास, ते मोजा. म्हणून बर्फात काटकसर नको. किलोला किलो बर्फ, बारीक फोडलेला, एक थर बर्फ, एक थर मासा, आणि पेटीला खाली भोक हवं, म्हणजे वितळलेलं पाणी साचत नाही. बांगडा आला की लगेच पोट साफ करून परत बर्फात. आगळ (कोकमाचा रस), हळद, मीठ लावून ठेवलं म्हणजे मासा टिकतो असं आपल्या घरातल्या बायका म्हणत आल्या, ते तासाभरापुरतं खरं आहे. मसाला लावलेले तुकडे फ्रीजमध्येच राहू द्या आणि एका वेळी एका पंगतीपुरतेच बाहेर काढा.

घेताना डोळा फुगीर आणि स्वच्छ, कल्ला लाल, बोट दाबलं की मांस परत वर येणारं, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण तिसऱ्या (शिंपल्या) आणि कुर्ल्या (खेकडे) यांच्याबद्दल सांगतो. त्या जिवंत पोचल्या तरच घ्या. शिंपल्याचं तोंड उघडं असेल आणि टिचकी मारून मिटत नसेल तर टाकून द्या; शिजवूनही जी उघडत नाही तीही. या शहरात त्या रोज बोर्डावर असायलाच हव्यात असं नाही. एक काळा फळा घ्या. संध्याकाळी सातला आज काय आलंय ते आणि त्याचा आजचा दर खडूनं लिहा. सुरमईचा भाव रोज बदलतो, तो आधी दिसला की बिलावरून रात्री बाराला आवाज चढत नाही, आणि तो आवाजही सरांच्याच भिंतीला लागतो. संपलं की पुसून 'संपलं' लिहा. आपल्याकडे मटणाच्या जुन्या खानावळी हंडा रिकामा झाला की बंद होतात आणि लोक दुसऱ्या दिवशी लवकर येतात. तुमचीही तशी होऊ द्या. आणि पापलेट तळहाताहून लहान दिसलं तर स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. २०२३ मध्ये सरकारनं त्याला राज्यमासा ठरवलं ते तो कमी होतोय म्हणूनही.

रश्श्याचं एक मनातलं सांगतो. कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाच्या भिडेनं बांगड्याच्या कालवणात कांदा-लसूण चटणी घालत असाल तर थांबवा. तिला मटण पेलतं, बांगड्याला ती दाबून टाकते. तिरफळं, ओलं खोबरं, आमसूल, तुमच्या आईच्या हातचं जे असेल तेच करा. तिखट हवं त्याला वाटीत चटणी वेगळी द्या. पाच वर्षं ही माणसं तुमच्याकडे येतात ती मटणाच्या चवीसाठी नव्हे.

पुढच्या महिन्यात बंदी लागते. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटी समुद्रात जात नाहीत. त्यात पाऊस लागला की घाटात दरड येते, आणि पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून बरीच वर गेली की २०१९ आणि २०२१ सारखा हायवेसुद्धा बंद पडतो. या दोन महिन्यांत जो सुरमई मागेल त्याला फ्रीझरमधला तुकडा ताजा म्हणून देऊ नका. पावसाळ्यात कोल्हापूरकर सुकट-भाकरीवर जीव टाकतो. सुके बोंबील, सोडे, सुका बांगडा वेंगुर्ल्याहून आत्ता, मे महिन्यातच भरून ठेवा, कडक ऊन दाखवून, हवाबंद डब्यात. जोडीला धरणातला राहू-कटला आणि मिळाला तर मरळ. श्रावण लागला की गिऱ्हाईक तसंही निम्म्यावर येतं. त्या महिन्यात अकरालाच बंद करा, पाइप आणि पंख्याचं काम काढा, आणि मुलाजवळ बसा. त्याच्यासाठी एवढंच म्हणेन, शाळा सुरू झाली की आतली खोली रात्री नऊनंतर त्याची. पोत्यांना, फ्रीझरला, गल्ल्याच्या पैशांना तिथे जागा नको.

सरांकडे दुपारी चारच्या सुमारास जा, जेवणानंतरची झोप झालेली असेल. मिस्टरांना बरोबर न्या, कारण साडेबाराचं शटर शेवटी त्यांच्याच हातात असेल. हातात काही खाऊ नेऊ नका. ऑपरेशन झालेल्या घरात मीठ-तेलाचं पथ्य असतं, आणि आपण काही घेऊन गेलो की समोरचा माणूस मनातलं बोलत नाही. आधी बाईंजवळ बसा. पत्रात तुम्ही त्यांना सरांची 'मंडळी' एवढंच म्हटलंय. झोप कधी लागते, किती वाजता मोडते, औषध किती वाजता असतं, हे त्यांच्याच तोंडून ऐका. मग शटरचं, पाइपचं, सोमवार-गुरुवारचं सांगा. तुमचा फोन नंबर सरांना द्या आणि म्हणा, रात्री कधीही त्रास झाला तर मिस कॉल द्या, दोन मिनिटांत शांत करते. त्यांचा फोन आलाच तर हातातलं ताट ठेवून आधी तेवढं करा.

पाऊस लागल्यावर कळवा, सुकटीचं कसं जमलं ते.